तिने पुन्हा हात धुतले

बेटांवर सगळं सोपं होतं. काय करायचं नाही हे तिथं रोज सकाळी कुणीतरी सांगायचं आणि आपण ते करायचं नाही, की झालं. प्राण्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या फार जवळ जायचं नाही. वाळूतला शिंपला उचलून पर्समध्ये टाकायचा नाही. एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्यायचे. ऑस्ट्रेलियाच्या एअरपोर्टवर दर खेपेला लोणच्याच्या बरणीपायी घाम फुटणारी बाई मी. मला हे नियम घरचेच वाटले.

गलापागोसची ही सफर लेकीच्या डोक्यातली. ती मेलबर्नला युनीत पर्यावरण शिकत होती, शेवटचं वर्ष नुकतंच संपलं होतं, आणि निळ्या पायांचे पक्षी बघायचे हे तिने शाळेत असल्यापासून ठरवलं होतं. मला पाण्याची भीती. म्हणून आम्ही जोड-टूर घेतली. आधी छोट्या जहाजावरून बेटं, मग विमानाने वर, इक्वाडोरच्या अँडीज डोंगरात काही दिवस. तिला तिचे पक्षी मिळणार होते आणि मला जमीन.

होडी किनाऱ्याला लागत नसे. गुडघाभर पाण्यात उतरून चालत जायचं. पहिल्या दिवशी मी पँट दुमडून, एका हाताने लेकीला आणि मनातल्या मनात गणपतीला धरून उतरले. वाळूवर समुद्रसिंहांची पिल्लं लोळत होती. त्यातलं एक सरळ माझ्याकडे आलं आणि माझ्या ओल्या अंगठ्याचा वास घेऊ लागलं. मी दोन्ही हात छातीशी बांधून खांबासारखी उभी. गाइड सगळ्यांना म्हणाला, या लेडीकडून शिका. मी दिवसभर फुशारलेली होते. खरं तर त्या काळात मी स्वतःवर एकूणच फार खूश असायचे, आणि त्याचं कारण बेटांवर नव्हतं, मेलबर्नच्या कडेला आमच्या क्रेगीबर्नमध्ये होतं.

नवरा गेल्यावर मी तिथलं घर सोडलं नाही. मागच्या दोन खोल्या स्टुडंट मुलींना दिल्या. ती वर्षंच तशी होती. आमच्या गल्लीत घरटी एक तरी नाशिकची, नागपूरची नाहीतर वसईची मुलगी मास्टर्स करायला येऊन राहिलेली. सकाळी क्लास, दुपारनंतर म्हाताऱ्यांच्या एज्ड केअर होममध्ये शिफ्ट. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू केलं, आणि मुद्दाम केलं. फक्त सवाष्णींना बोलवायचं ही भानगड माझ्या घरात चालणार नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं. लग्न झालेल्या, न झालेल्या, मोडलेल्या, नवरा गेलेल्या, वसईच्या ख्रिश्चन मुली, सगळ्या आल्या. कुणी शिफ्टवरून युनिफॉर्ममध्येच आली तर तिच्या युनिफॉर्मच्या टोकाची झोळी करून मी गहू, हरभरे, गाजराचे तुकडे घातले आणि ओटी भरली. वाण म्हणून सनस्क्रीन दिलं. दरवर्षी गर्दी वाढत गेली. मुली म्हणायच्या, ‘काकू, यू आर सो कूल.’ मी ‘चल, काहीतरीच’ म्हणायचे आणि ते दोन दिवस मनात घोळवायचे.

लेक हे बघत मोठी झाली. आपली आई घाबरत नाही, लोक काय म्हणतील याला भीक घालत नाही, असं तिला वाटायचं. तिला तसं वाटणं ही माझी सगळ्यात मोठी कमाई होती. नवरा गेल्यापासून दुसरं फारसं काही मी कमावलेलं नव्हतं.

डोंगरात श्वास पुरेना. चार पायऱ्या चढलं की छातीत कुकर चढायचा. आमचा मुक्काम एका गावात, मातीच्या भिंतींच्या घरात होता. घरधनीण माझ्याच वयाची. भरतकाम केलेलं पांढरं पोलकं, कमरेला गुंडाळलेलं काळं वस्त्र, आणि गळ्यात सोनेरी मण्यांचे इतके सर की मला लग्नघरात मिरवणारी आमची थोरली जाऊ आठवली. ती किचवा बोलायची. इथला गाइड त्याच भागातला, तो तिचं आम्हाला इंग्रजीत सांगायचा. तिने बटाट्याचं सूप मला दोनदा वाढलं, मी दोनदा प्यायले, आणि भाषेवाचून आमचं बरं जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या तळ्यापर्यंत चालत जायचं होतं. पुरुष मंडळी बाटल्या भरायला गेली होती. अंगणात आम्ही तिघीच उभ्या होतो: मी, लेक, आणि ऑस्ट्रेलियातल्याच टूवूंबाहून नवऱ्याबरोबर आलेली एक रिटायर्ड शिक्षिका. घरधनीण टोपली घेऊन बाहेर आली. टोपलीत भाजलेल्या मक्याचे दाणे होते, कसल्याशा उकडलेल्या बिया होत्या आणि वर छोटे बटाटे. ती शिक्षिकेपुढे उभी राहिली, तिच्या जॅकेटचं टोक ओढून त्याची झोळी केली, काहीतरी पुटपुटली आणि ओंजळीने दाणे त्यात घातले. मग लेकीच्या जॅकेटात घातले. मग ती माझ्याकडे वळली.

माझे हात पाठीमागे गेले. मी नेले नाहीत, ते गेले. ‘मला नको, हिला द्या,’ असं मी चक्क मराठीत म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. हात वस्त्राला पुसले आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. मी आणखी मागे.

‘शी वॉश्ड देम, लव्ह,’ टूवूंबाची बाई माझ्या कानाशी म्हणाली. ‘आय सॉ हर.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तोवर घरधनीण टोपली खाली ठेवून अंगणातल्या नळाकडे गेली होती. सकाळचं ते पाणी म्हणजे बर्फ. त्यात दात घासताना मी कळवळले होते. ती साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत घासून, मनगटापर्यंत हात धूत होती. मग परत आली आणि लाल झालेले ओले हात तिने माझ्यासमोर धरले, आधी सुलटे, मग पालथे, जेवायच्या आधी मुलं आईला दाखवतात तसे.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मी लेकीवरच खेकसले, ‘अगं, तिला सांग ना काहीतरी.’

‘काय सांगू? आय डोन्ट इव्हन नो व्हॉट यू आर डूइंग,’ ती म्हणाली.

तिने गाइडला हाक मारली. त्याने विचारलं, तुम्हाला कसली ॲलर्जी आहे का? हो म्हणाले असते तर तिथंच सुटले असते. पण ते ओले हात अजून समोर होते. मी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे बाईच्या ओटीत असेच दाणे घालतात, तो मान असतो, पण जिचा नवरा जिवंत आहे तिचा. माझा नवरा वारला आहे, म्हणून मी मागे झाले. त्यांच्या हातांचा काही दोष नाही. आपल्याकडे हे कुणी बोलून दाखवत नाही. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही, बाई आपोआप कडेला होते. इंग्रजीत त्याचं सरळ वाक्य झालं तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आणि ऐकवेना.

गाइड गोंधळला. ‘पण हे तर कुकायु,’ तो म्हणाला. ‘वाटेत खायचं.’

म्हणजे शिदोरी. ती बाई आम्हाला शिदोरी देत होती, आणि तिचं ते पुटपुटणं म्हणजे जपून चाला, एवढंच होतं. तिच्या टोपलीत ओटी नव्हतीच. ती मी माझ्या घरून घेऊन आले होते.

गाइडने माझं म्हणणं तिला सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि काहीतरी विचारलं. तो सांगायला कचरत होता. मी म्हटलं, सांगा.

‘ती विचारतेय,’ तो म्हणाला, ‘नवरा वारला की तुमच्याकडच्या बायकांना वाटेत भूक लागत नाही का?’

टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी हुशार आहे. तेवढ्यात लेकीने आपलं जॅकेट पुन्हा पुढे धरलं. ‘हर्स टू,’ ती म्हणाली. घरधनिणीने माझा वाटा तिच्या झोळीत घातला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेली. मी तिला साधं थँक्यूसुद्धा म्हणाले नाही.

चढ सुरू झाला. लेक पुढे, मी मागे. टूवूंबाची बाई शहाणी होती, ती आमच्यापासून लांब राहिली. बऱ्याच वेळाने लेक थांबली.

‘आई, यू डू इट फॉर एव्हरीवन.’

‘हो.’

‘मग तू मानतेस की नाही मानत?’

‘तुमच्यासाठी नाही मानत,’ मी म्हणाले. बोलून गेल्यावर लक्षात आलं, त्यात ‘तुमच्यासाठी’ आहे.

तिच्याही लक्षात आलं. ती जरा वेळ बुटाने माती उकरत राहिली. ‘तुझी ओटी कोण भरतं? आय नेव्हर सॉ एनीवन डू यू.’

‘मी करणारी ना. यजमानिणीची कोण भरणार?’

‘एग्झॅक्टली,’ ती म्हणाली. ‘ताट नेहमी तुझ्याच हातात असतं.’

दरवर्षी कुणीतरी मुलगी म्हणायचीच, काकू, आता तुम्ही बसा. आणि मी म्हणायचे, अगं थांब, चहा उतू जाईल. चहा कधीच उतू गेलेला नव्हता. मुलींना मी मोकळं केलं असं मला वाटायचं. स्वतः मात्र मी दरवर्षी कामात लपत होते, आणि वर त्यांच्यापुढे धीट म्हणून मिरवत होते. हे मला माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही. चहाचं निमित्त मला आधीपासून तयार ठेवावं लागायचं.

तळ्यापाशी पोचेपर्यंत मला भूक लागली. साधीसुधी नाही, कडकडून. मी लेकीला म्हटलं, ‘दे ना थोडं.’

‘जॅकेट धर.’

टूवूंबाची बाई आणि तिचा नवरा जवळच बसले होते. मी तळहात पुढे केला. ‘हातावर दे,’ म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातावर दिलं. मी तळ्याकडे तोंड करून खाल्लं. मका खमंग होता.

‘जानेवारीत ताट मी धरणार,’ ती मागून म्हणाली. ‘पहिली तू बसायचं.’

तोंड भरलेलं आहे अशी मी हाताने खूण केली.

जानेवारी आला. मुलींचे मेसेज यायला लागले, काकू, यंदा कधी? लेकीने कुठूनतरी एक मोरपंखी ब्लाउजपीस आणून डायनिंग टेबलावर ठेवला होता. त्याच टेबलाशी बसून मी ग्रुपवर लिहिलं, यंदा उकाडा फार आहे, तब्येतीला सोसवत नाही, हळदीकुंकू करत नाही. खाली लगेच नो वरीज काकू, टेक केअर काकू, लव्ह यू काकू.

लेक समोरच बसली होती. तिच्याही फोनवर मेसेज वाजला. तिने तो वाचला. मग ब्लाउजपीस उचलला, घडी मोडलेली नव्हती तरी पुन्हा नीट घातली, आणि आत नेऊन ठेवला. परत येताना तिने खिडकी उघडली. बाहेरून गार वारा आला.

‘इट्स ट्वेंटी-टू डिग्रीज, आई,’ ती म्हणाली.