आपला रस्ता

आमच्या शेजारी म्युनिसिपालिटीचे एक ओव्हरसियर राहायचे. सोलापुरात त्यांच्या हाताखाली डांबर पडलं, की तो रस्ता त्यांच्या तोंडी 'आपला' होई. "मास्तर, नव्या पेठेतला आपला रस्ता बघितला का? लई गुळगुळीत झालाय की!"

आणि डांबर तरी केवढं! भाकरीवर तेलाचं बोट फिरवावं, तेवढं. पहिल्याच बैलगाडीखाली खडी उघडी पडायची. मी तक्रार केली, तर म्हणाले, "रस्ता चांगलाच हाय. तुमी लोकच त्याच्यावरनं लई जाता."

एका दुपारी त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मी धावत जाऊन टांगा आणला. सुनेला सासूसोबत मागं बसवलं, ओव्हरसियर पुढं टांगेवाल्याशेजारी बसले. दवाखान्याकडे जाणारा जवळचा रस्ता नुकताच झाला होता, पुढाऱ्यांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटनही केलं होतं. गल्लीच्या तोंडाशी टांगेवाल्यानं घोडा तिकडं वळवला मात्र, ओव्हरसियरांनी त्याच्या हातातला लगामच खेचला.

"अरं, तिकडनं नगं!" ते ओरडले. "पोरीला सोसायचं न्हाय. त्यो आपला रस्ता हाय!"