वाफ्याचा निचरा

सुकापूरच्या आमच्या गच्चीवर मी खाली माशांची टाकी आणि वर खडी भरलेला पालकाचा वाफा, अशी रचना केली होती. पंपाने टाकीतलं पाणी वाफ्यात चढवायचं आणि ते निचरून पुन्हा टाकीत यायचं. निचऱ्याच्या पाइपाच्या तोंडाला जाळी लावा, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. मी लावली नाही, कारण खडी मी स्वतः निवडलेली होती.

रविवारी तीच खडी पाइपाच्या वळणात अडकली. माझं लक्ष जाईपर्यंत वाफा काठोकाठ भरला होता आणि टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं. बारा तिलापिया आडवे पडून तोंडं उघडत होते. पंप बंद केला, तरी पाणी वरच. नळाचं ओतावं, तर क्लोरीनने ते आणखी लवकर गेले असते.

करंजाहून सासरे आले होते. सारा जन्म होडीवर गेलेला माणूस.

"जावयबापू, पानी वर नि मासं खाली, असा दर्या मी कदी बगला नाय. कापा तो पाइप."

मी जोशात वळणाच्या वर करवत चालवली. खाली बादली ठेवायची राहिली. सगळं पाणी गच्चीवर पडलं आणि क्षणात पावसाच्या पाइपातून रस्त्यावर गेलं. बिल्डरने उतार माझ्यापेक्षा चांगला दिला होता.

सासऱ्यांनी टाकीत डोकावून हळूच विचारलं, "वाटण करायला सांगू?"

नको म्हणायचं होतं. पण माशांकडे बघून तेही म्हणवेना.