त्यांच्याशिवाय साफ झालेलं मशीन

मैत्रिणींनो, आज आमच्या गरम पाण्याच्या मशीनचा नळ पांढऱ्या थराने बंद झाला. आमच्या वरसे गावाला बोअरचं पाणी, क्षार साचतातच. मशीन साफ करणं ह्यांचं काम. धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट करून दमून आले तरी मला हात लावू देत नसत. ते गेल्यापासून मशीन साफ न करता तसंच वापरत होते.

शेजारच्या नंदावहिनी म्हणाल्या, "एकटीला कशाला हवं गो ते? टोपात पाणी ठेव."

"नाय, बघते करून," मी म्हटलं.

मशीनमध्येच लिंबूसत्व घालून पाणी उकळलं, तासभर ठेवून ओतलं, दोनदा धुतलं. नळ मोकळा झाला.

वहिनी खूश झाल्या. मला रडू आलं. घरात एवढं एकच काम ह्यांच्यावाचून अडून होतं. आता तेही नाही.

तुमच्याकडे असं काही अडून आहे का? असेल तर राहू द्या.