टोर्गेरचं विरजण

टोर्गेरच्या घरी कॉफीला गेलात तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग खिशांकडे. खिशात काय असणार? रुमाल आणि गाडीची किल्ली. पण त्याला विचाराल तर खिसा ही वस्तूच मुळात संशयास्पद. आमच्या या फ्योर्डकाठच्या, डोंगरांत घुसलेल्या खाडीवरच्या गावात माणसं बाहेर जाताना दाराला कुलूप लावत नाहीत, आणि हा गृहस्थ होडीघराला दोन दोन कुलपं लावतो. होडी विकूनही जमाना झाला.

मी योरून, त्याची शेजारीण. माझी सगळी नोकरी पोस्टात झाली. एखादं पाकीट जरा चुरगळलेलं दिसलं की टोर्गेर ते खिडकीच्या उजेडात धरून बघायचा, कुणी वाफ देऊन उघडलंय का म्हणून. उघडणारी अर्थात मीच असणार. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा रे, तुला विजेच्या बिलाशिवाय येतं काय?"

"तुला कसं माहीत?" तो म्हणाला.

असा हा माणूस. तरी गावात कुणी त्याला तोंडावर वेडा म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. त्याचं कारण आहे. तो रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. एका हिवाळ्यात त्याने ती गाडी शाळेच्या बसपुढे आडवी घातली आणि हलेचना. हवामान खातं म्हणत होतं, सगळं ठीक आहे. बसचा ड्रायव्हर म्हणजे आमचा स्टेनार, तो खिडकीतून मान काढून शिव्या घालत होता. टोर्गेरचं एकच म्हणणं, "मला त्या उताराचा भरवसा वाटत नाही." थोड्या वेळाने तो उतार बर्फासकट रस्त्यावर येऊन पडला. त्या बसमधली मुलं आता आपापल्या मुलांना घेऊन गावात हिंडतात. तेव्हापासून टोर्गेरची खात्रीच झाली की भरवसा न ठेवणं हेच शहाणपण, आणि तो ते शहाणपण ऊठसूट वापरू लागला. बर्फाला लावायचा नियम त्याने शेजाऱ्यांना लावला.

नाताळची बिअर आमच्याकडे घरीच करतात. दुधाला लागतं तसं तिलाही विरजण लागतं, आणि जुन्या घरांतून ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असतं. एखाद्याचं बिघडलं की तो बाटली घेऊन शेजारी जातो. नाही म्हणायची पद्धतच नाही. ती पद्धत मोडणारा एकटा टोर्गेर. त्याचं विरजण पणजोबापासूनचं. त्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास यायचा, संत्र्याचा तुकडाही न घालता. मागायला आलेल्या कित्येकांना त्याने दारातून परत पाठवलं. "एकदा घराबाहेर गेलं की ते आपलं राहत नाही," असं तो म्हणायचा.

त्याची बायको हेर्बोर्ग हे सगळं ऐकून मान डोलवायची. आणि पुढच्या आठवड्यात लोकरीच्या पिशवीत बाटली लपवून माझ्या मागच्या दाराशी उभी राहायची.

"फक्त तुला देतेय हं, योरून. त्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल."

मी ते वापरायची, आणि वास लपावा म्हणून जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या दुप्पट घालायची. माझी बिअर झाडपाल्याच्या काढ्यासारखी लागते, हे मी दरवर्षी निमूट ऐकून घेत आले.

या सप्टेंबरात हेर्बोर्ग गेली. तिच्यामागे टोर्गेर पहिल्यांदाच एकट्याने बिअर करायला बसला. त्या दिवशी काय झालं ते त्याने आम्हाला नंतर स्वतःच सांगितलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा कोमट झाला की त्यात विरजण सोडायचं. थर्मामीटर म्हणत होता, अजून फार गरम आहे. टोर्गेरला वाटलं, थर्मामीटर खोटं बोलतोय. त्याने बोट बुडवून पाहिलं. आयुष्यभर थंडीत काम करून त्या बोटांत जीव राहिला नव्हता, त्याला काढा कोमट लागला. होतं नव्हतं तेवढं विरजण त्याने ओतलं. सकाळी बघतो तर पिंपात साधा बुडबुडाही नाही. हेर्बोर्ग थोडं विरजण वाळवून फ्रीजरमध्ये जपून ठेवायची. पण ते निनावी पुडकं दिसताच त्याने पूर्वीच फेकून दिलं होतं. वर नाव नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार!

पणजोबाचं विरजण गेलं. मग तो गावातल्या दुकानात न जाता थेट बर्गन शहरात गेला, तिथून यीस्टची पाकिटं आणली आणि गुपचूप बिअर उरकली. आता त्याला एकच धास्ती होती, की हे कुणाला कळेल.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. डिसेंबरात मी अंगणातलं बर्फ ओढत होते तेव्हा तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "योरून, तू यंदा विरजण कुठलं वापरलंस?"

माझ्या हातातलं फावडं निसटलं. मला वाटलं, झालं, याला कळलं! हेर्बोर्गने मरताना सांगितलं की काय?

"नेहमीचंच," मी म्हटलं. "का रे?"

"सहज."

टोर्गेरने जन्मात कुणाला सहज काही विचारलेलं नाही. मी घरात येऊन फ्रिजमधली बाटली बटाट्याच्या पिंपात लपवली. तिकडे तोही घरी जाऊन विचार करत बसला म्हणे, की ही एवढी दचकली का? हिला माझं कळलं की काय? दोघांच्या घरांचे पडदे दोन दिवस सारखे हलत होते.

एकवीस डिसेंबर म्हणजे संत टोमासचा दिवस. त्या दिवसापर्यंत बिअर तयार पाहिजे, आणि एकमेकांची चाखून बघायची. आम्ही चौघं: टोर्गेर, मी, स्टेनार, आणि वरच्या वाडीवरची मेंढ्या पाळणारी माग्नहिल्ड. यंदा जमलो तिच्याकडे. एकच लाकडी वाडगा हातोहात फिरतो, आणि प्रत्येकाने एक तरी खोट काढायचीच. तोंडभर स्तुती आम्ही फक्त मयताच्या जेवणाला करतो. स्टेनारची बिअर धुरकट, माझी काढ्यासारखी, माग्नहिल्डची करपट, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. टोर्गेरच्या बिअरमध्ये खोट काढणं अवघड जायचं, तेव्हा आम्ही म्हणायचो, "वाडगा अर्धाच भरतोस."

माग्नहिल्डने सुकवलेल्या मेंढीचे काप आणि पातळ कडक भाकरी मांडली होती. आधी टोर्गेरची बिअर निघाली. मी घोट घेतला आणि थांबले. वास नाही. संत्र्याची साल नाही, काही नाही. स्टेनारने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. माग्नहिल्डने ओठावर मिशीसारखा आलेला फेस पुसला. बायको जाऊन तीन महिने झालेल्या माणसाला काय बोलणार?

"छान झालीय," मी म्हटलं.

"हो, छानच," स्टेनार म्हणाला.

"चांगली आहे," माग्नहिल्ड म्हणाली.

टोर्गेर एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. "खोट?"

"नाही बुवा."

"कुणालाच नाही? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच? तिघं आधी ठरवून आलात का?"

"अरे, चांगली झालीय म्हटलं तरी पंचाईत का तुझी?" माग्नहिल्ड चिडली. "धर, माझी पी आता."

तिने वाडगा भरून त्याच्या हातात दिला. त्याने नेहमीसारखा आधी वास घेतला. मग एक घोट घेतला. मग दुसरा. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

स्टेनारने हातातली भाकरी खाली ठेवली.

"माझं विरजण आहे हे! माझ्या घरातून चोरलंस तू!" वाडगा त्याने इतक्या जोरात आपटला की बिअर भाकरीवर सांडली. "मी सांगत होतो! सगळ्यांना सांगत होतो, पण मला येडा ठरवलंत. हेर्बोर्गच्या मयताला घरात शिरलात, तेव्हाच डाव साधला ना?"

माग्नहिल्ड उठली. चांगली उंच बाई आहे ती. "तोंड सांभाळ, टोर्गेर. चोर म्हणायचं असेल तर माझ्या टेबलावर बसून म्हणू नकोस, उठून म्हण."

तो उठला. खरंच उठला. तो दाराबाहेर गेला तर पुन्हा या चौघांत येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. हेर्बोर्ग गेल्यावर त्याला आमच्याशिवाय होतं कोण?

"हेर्बोर्गने दिलं मला," माग्नहिल्ड म्हणाली. "स्वतःच्या हाताने. दरवर्षी. मी माल्ट मुद्दाम करपवायची, तुला वास येऊ नये म्हणून. यंदा नाही करपवला. ती गेली, आता मला लपवायचा कंटाळा आला."

"खोटं! हेर्बोर्ग असं करणार नाही."

माझ्या पायाशी माझी पिशवी होती, पिशवीत माझ्या बिअरची बाटली. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. "मलाही दिलं, टोर्गेर," मी म्हटलं. "म्हणून तर तो झाडपाला घालते."

माग्नहिल्डने माझ्याकडे गर्रकन वळून बघितलं. "तुलाही? मला म्हणाली होती, फक्त तुला!"

"मला पण तसंच म्हणाली!"

स्टेनार कोपऱ्यात घसा खाकरत होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"काय बघताय? माल्टला धुरी देतो ती काय हौस म्हणून?" तो म्हणाला. "मलाही नाही आवडत ती चव."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही हसून लोळलो असतो. पण टोर्गेर तिथेच उभा होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर. त्याच्या संशयाला आयुष्यात पहिल्यांदा खरा पुरावा मिळाला होता, आणि गुन्हेगार निघाली होती हेर्बोर्ग. मला त्याच्याकडे बघवेना.

"तू पाय मोडून दवाखान्यात पडला होतास ना," माग्नहिल्ड जरा हळू आवाजात म्हणाली, "त्या हिवाळ्यात तुमच्या घरचं विरजण आंबट होऊन गेलं. ती इथे आली आणि माझ्याकडचं घेऊन गेली. त्यानंतरची तुझी सगळी बिअर माझ्या फ्रिजमधून गेलेल्या विरजणाची आहे. पणजोबाचं म्हणून मिरवतोस ते."

टोर्गेर खाली बसला. बराच वेळ त्याने सांडलेल्या बिअरमध्ये बोट फिरवलं.

"ती मला घाबरायची का?" त्याने विचारलं.

मी पटकन नाही म्हणणार होते, सांत्वनाला. माग्नहिल्डने मला बोलू दिलं नाही.

"घाबरत नव्हती रे," ती म्हणाली. "कंटाळली होती."

टोर्गेरने मान हलवली. नाकबूल करायला नाही, ऐकलं म्हणून. मग त्याने सगळं सांगितलं: थर्मामीटर, बोट, फेकलेलं पुडकं, बर्गनची पाकिटं. मधे मधे थांबत, कुणाकडे न बघता. "आमच्या घरातलं संपलं," तो म्हणाला. "माझ्या हातून मेलं. आणि तुम्ही म्हणता, छान झालीय."

"पाणचट झालीय," माग्नहिल्ड म्हणाली. "दुकानातल्यासारखी. घशाखाली उतरली नाही माझ्या."

"हं," टोर्गेर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. "मला वाटलंच."

बाहेर तीन वाजताच अंधारून आलं होतं आणि माग्नहिल्डच्या मेंढ्या ओरडत होत्या. टोर्गेरला काय म्हणायचंय ते आम्हाला समजत होतं. पण ते त्याच्यासाठी म्हणायचं नाही, असं आम्ही तिघांनी, या वेळी मात्र खरंच, न बोलता ठरवलं.

"मला थोडं देशील का?" शेवटी तो म्हणाला.

माग्नहिल्डने फ्रिज उघडून बाटली आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली नाही.

"इथे यायची तेव्हा काय करायची ती? लगेच निघायची?"

"छे! दुपार दुपार बसायची."

"काय करत?"

माग्नहिल्डने माझ्याकडे बघितलं, स्टेनारकडे बघितलं. खोटं बोलायची हीच वेळ होती, पण तिला ते कधी जमलेलं नाही.

"हसायची," ती म्हणाली. "खूप हसायची, टोर्गेर."

"घरी नाही हसायची," तो म्हणाला, आणि त्याने बाटली दोन्ही हातांत घेतली.