तांबडीच्या डोळ्यांवरचं झापड

बायको जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येतात ते म्हणतात, फार चांगली होती हो. मला कशाला सांगता? मी तिच्याबरोबर जन्म काढला. तिचा उजवा पाय आखूड का होता ते मात्र कुणी विचारत नाही. गाडीखाली आली, एवढंच गावाला माहीत. ते खोटं नाही. पण गाडी मी जुंपली होती, घोडी मी शिकवली होती, आणि तिनं तो पट्टा का सोडला ते मला एकट्याला ठाऊक आहे.

मी मूळचा बेळगावचा. बापाचा टांगा होता, नंतर माझा झाला. रिक्षा आल्या आणि टांग्यात कुणी बसेना. तेव्हा पेडण्याच्या एका भाटकारानं, म्हणजे जमीनदारानं, मला मोप्याच्या कातळसड्यावर आणलं. त्याच्याकडे पाच घोडी होती. लग्नाला बग्गी, हॉटेलातल्या पाहुण्यांना फेरी, असा त्याचा व्याप. चिऱ्याचा तबेला, वर झावळ्या, बाजूला आमची खोली. बायको लाटंबार्सेची, मी इथं आल्यावर केलेली. उजाडायच्या आत लीद काढायची, झरीवरून पाणी, भिजवलेले हरभरे, मग खरारा. ती सड्यावर गवत कापायची, भारा डोक्यावर घेऊन यायची. पावसाळ्यात खुरं कुजत, तेव्हा नखांनी घाण काढून चुना भरायची. मी तिला कधी बस म्हटलं नाही.

एक घोडी व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. मागं राहिली ती तांबडी. बायकोनं तिला म्हशीच्या दुधावर वाढवलं. आम्हाला मूल नव्हतं. शिंगरू तिच्या मागं मागं फिरायचं, खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभं राहायचं. मी शेणाचा गोळा मारून हाकलायचा.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तांबडी तीन वर्षांची झाली होती, पण उंची भरली नव्हती, तट्टूच राहिली. मालक म्हणाला, “बग्गीला ही शोभायची नाही. छोट्या गाडीला चालली तर पोरांना फिरवायला ठेवू. पावसाच्या आत शिकव. नाहीतर व्यापारी येतोय, त्याच्याबरोबर जाऊ दे.”

तो व्यापारी वीटभट्ट्यांना जनावरं पुरवायचा. भट्टीवर गेलेलं तट्टू परत आलेलं मी बघितलेलं नाही. बायकोलाही ते माहीत होतं.

“शिकयतलात मगो तिका?” तिनं विचारलं.

“एकवीस दिवसांत. बापानं शिकवलेली रीत आहे.”

बापाची रीत अशी. आधी दोन दिवस उपाशी ठेवायचं, म्हणजे मस्ती उतरते. मग मान वर बांधायची. मग मागं ओंडका बांधून पळवायचं, थांबलं की चाबूक. दुसऱ्या दिवशी बघतो तर तांबडीच्या ओठाला भाताची शितं. बायकोनं आपली पेज तिला पाजली होती. मी खोलीत गेलो, बायको जेवायला बसली होती, तिचं ताट पायानं उलथं केलं. म्हटलं, “घोडी उपाशी तर तूही उपाशी.” तिनं शितं वेचून भरली आणि कोंबड्यांना टाकली. दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. मी जेवलो.

चाबकानं तांबडी शिकली नाही. पाठ सुजली, पण पाय उचलेना. एकदा तिनं चावून माझा खांदा फोडला. मग बायको पुढं झाली. पदेराकडचा उंडो, पाव, हातात धरला, आणि “चल गो बाये, चल” म्हणत उलटी चालू लागली. तांबडी ओंडक्यासकट तिच्या मागं निघाली. मी “हैक” म्हटलं की कान मागं, ती “चल गो” म्हणाली की पाय पुढं.

ही बातमी दुकानावर गेलीच. कोंकणी नुकतीच राजभाषा झालेली, तिथं त्या दिवसांत मराठी की कोंकणी यावर रोज भांडणं चालत. मी विडी घ्यायला गेलो की एकजण ओरडायचा, “येवा बेळगावकर! तुमच्या घोडीन राजभाषा घेतली, तुमी कधी घेतलात?” दुसरा म्हणायचा, “तेका कित्याक व्हयी? बाईल आसा मगो हांकूक!” घोडी बायको हाकते म्हणून सगळे हसत. घरी येऊन तो राग मी दोघींवर काढायचा.

तरी काम पुढं सरकत होतं. रोज सकाळी बायको पुढं, मध्ये घोडी, मागं लांब लगाम धरून मी. सडा तापलेला. माझ्या पायात चपला होत्या, तिच्या पायात नव्हत्या. पंधरा दिवसांनी झापड चढवलं, डोळ्यांच्या बाजूला कातड्याच्या ढाली, म्हणजे जनावराला फक्त समोरचं दिसतं. मग दोन बाजूंना दांड्या, मग गाडी. लोखंडी धावांची दोन चाकं, खडखड करणारी. तांबडीनं आवाज ओळखीचा करून घेतला. पण मागं काय आहे ते तिनं बघितलेलं नव्हतं.

बायकोला मी बजावलं, “झापडाला हात लावायचा नाही.”

“कित्याक?”

“मी सांगतो म्हणून.”

टांगेवाल्यांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी गाडी सोडायची, घोडं दांड्यांतून बाहेर काढायचं, आणि मगच झापड. उलटं केलं तर घोड्याला एकदम दिसतं की आपल्या पाठीला काहीतरी चिकटलंय, पळालं तरी मागंच येतंय. मग ते थांबत नाही. मला बापानं हे एका थोबाडीत शिकवलं होतं. एवढं बायकोला सांगायला किती वेळ लागला असता? पण बाईला धंदा सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. आणि माझ्या तोंडून तिनं तोवर नको, नाही, लावू नको, देऊ नको एवढंच ऐकलं होतं. त्यातलंच हे एक समजली.

मालक व्यापाऱ्याला घेऊनच जीपनं आला. मी तांबडीला जुंपून रस्त्यापर्यंत नेली, वळवून आणली. बायको पुढं नव्हती, नुसती तबेल्यापाशी उभी होती. घोडीनं एकदाही पाय चुकवला नाही. मालक व्यापाऱ्याला म्हणाला, “ही नाही जायची. राहू दे हिला.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. तिला तशी हसताना मी फार कमी बघितली.

मग मी चूक केली. गाडी न सोडता लगाम तिच्या हातात दिला आणि मालकाकडं गेलो. शाबासकी ऐकायची होती. व्यापारी म्हणाला, “हात चांगला आहे तुमचा,” आणि मी बापाच्या गोष्टी सांगत बसलो. तिकडं तांबडी मान घासत होती. झापडाखाली कातडं सोललं होतं, माश्या बसत होत्या. माझं लक्ष गेलं तेव्हा बायकोचा हात कानामागच्या पट्ट्यावर होता. मी ओरडलो. तिला वाटलं असेल, ओरडतोय नेहमीसारखा.

पट्टा सुटला. तांबडीनं तिच्या हाताकडं तोंड वळवलं आणि तिला चाक दिसलं.

दांडी बायकोच्या कमरेत बसली, ती पडली, आणि चाक मांडीवरून गेलं. मी धावलो तो घोडीमागं. बायकोकडं नाही. तिला मालकानं आणि व्यापाऱ्यानं उचलून जीपमध्ये घातलं. तांबडी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला अडकली होती, एक दांडी मोडलेली, सगळं अंग थरथरत होतं. चाबूक तुटेपर्यंत मी तिला मारली. परत आलो तेव्हा जीप निघत होती. सगळ्यांसमोर बायकोला म्हटलं, “भवाने, हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?”

ती म्हणाली, “माश्यो बसल्ल्यो.”

बायकोला म्हापशाच्या इस्पितळात ठेवून परतल्यावर मालकानं सांगितलं, “माणूस मोडणारं जनावर मला नको. आठवड्यात व्यापारी गाडी पाठवेल.” घोडीचा दोष नव्हता. जुंपलेली घोडी सोडून मी गप्पा मारायला गेलो होतो, आणि बायकोला कारण कधी सांगितलं नव्हतं. तेवढं बोललो असतो तर तांबडी राहिली असती. मालक वाईट माणूस नव्हता. पण मग टांगेवाला म्हणून माझं काय राहिलं असतं? मी म्हटलं, “बरोबर आहे मालक. बिघडलेलंच जनावर ते.”

ट्रक आला. तांबडी फळीवर पाय ठेवीना. तिघांनी ओढली, मारली, उपयोग नाही. मी खोलीत गेलो, दोरीवर बायकोचं लुगडं होतं ते खांद्यावर घेतलं, आणि ट्रकात जाऊन उभा राहिलो. तांबडीनं मान लांब केली, वास घेतला आणि वर आली. मी मागच्या बाजूनं खाली उतरलो. फळी लावली, लुगडं घडी करून तिच्या पेटीत ठेवलं.

दीड महिन्यानं बायको घरी आली, काखेत काठी. इस्पितळात तिनं तांबडीचं विचारलं की मी म्हणायचा, चरतेय. आल्या आल्या ती तबेल्यात गेली. रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली. मी वाट बघत होतो, शिव्या देईल, रडेल. तिनं एवढंच विचारलं, “गाडयेत चडली कशी?”

मी खोटं बोललो नाही. खरं सांगून तिला अजून दुखवावं असंही असेल मनात. म्हटलं, “तुझं दोरीवरचं लुगडं खांद्यावर घेतलं होतं.”

ती लंगडत खोलीत गेली. पेटीतून ते लुगडं काढलं. चांगलं होतं, कुठं विरलेलं नव्हतं. दातांनी काठ तोडला आणि फाडून त्याचे चार तुकडे केले. आणून माझ्यासमोर ठेवले.

“घोड्यांक पुसूक घेयात,” म्हणाली.

मी घेतले. बाकीच्या चार घोड्यांना त्यांनीच पुसत राहिलो, धागे निघेपर्यंत. ती रोज खोलीच्या उंबऱ्यावरून बघायची. तबेल्यात तिनं त्यानंतर पाऊल टाकलं नाही.