कमीजास्त फळ्या

ताज्या कापलेल्या सागवानाला किंचित तेलकट, किंचित कडवट असा गंध असतो. बंद खोलीत तो दुपारच्या उन्हाने जागा होतो. कार्तिकातल्या त्या दिवसांत दुपारी धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या, रिकाम्या नृत्यशाळेत मी एकटीच त्या गंधात बसून असे.

धाराशिवात तिने घरावर नवा मजला चढवला होता. तिथे मुली कथक शिकणार होत्या, आणि सिमेंटवर पाय आपटून कोवळे गुडघे दुखावू नयेत म्हणून तिला लाकडाची जमीन हवी होती. फळ्या येऊन पडल्या आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमासाठी ती पुण्याला निघाली. लाकडाला खोलीची हवा मानवेपर्यंत फळ्या तशाच ठेवायच्या, असे शंकर मिस्त्रींनी बजावले होते. "अक्का, रोज खिडक्या उघड आणि फळ्यांवर नजर टाक," किल्ली देताना सुनंदा म्हणाली. "खोट दिसली तर लगेच फोन कर. वखारवाला आठच दिवस माल परत घेतो."

मी निवृत्त, दुपारी मोकळी. आणि नाही म्हणायला कारण नव्हते. जे होते ते सांगण्यासारखे नव्हते. तुळजापुरात लहानपणी आम्ही दोघी एकाच बाईंकडे कथक शिकलो. मी कधी मात्रा चुकले नाही. सुनंदा चुकायची, हसायची आणि पुन्हा अशी उभी राहायची की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. पुढे शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा बाईंनी तिचे नाव घेतले. माझ्यावर अन्याय झाला असता तर राग तरी धरता आला असता. पण बाईंची निवड योग्य होती, हे मला त्याच क्षणी, चौदाव्या वर्षी, स्वच्छ दिसले होते, आणि त्या स्वच्छपणाचा काटा पुढची पंचेचाळीस वर्षे, कचेरीत फायलींवर शिक्के मारताना, तिच्या सत्कारांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताना, आत कुठे तरी सलतच राहिला.

दुसऱ्याच दुपारी सहज दोन फळ्या शेजारी ठेवल्या आणि सांध्यावरून तळवा फिरवला. बोटाला कड लागली. तिसरी ठेवली, ती त्याहून खाली. एकीच्या कडेला काढलेली जीभ दुसरीच्या कडेतल्या खाचेत अर्धीच शिरत होती, आणि जिथे शिरली तिथेही नखाएवढी पायरी राहत होती. अशा जमिनीवर अनवाणी गिरकी घेतली तर पाऊल सोलून निघाले असते. मी फोन हातात घेतला. खिडकीतून सोन्यासारखे ऊन फळ्यांवर पसरले होते, आणि माझ्या मनात अत्यंत शांतपणे एक विचार आला: तिचेही एकदा काही वाकडे होऊ दे.

फोन मी पर्समध्ये ठेवला. त्यानंतर रोज तिचा फोन येई, "फळ्या ठीक आहेत ना गं?" आणि मी म्हणे, "ठीक आहेत."

फळ्या आल्यापासून नवव्या दिवशी सुनंदा परतली, माकणीहून शंकर मिस्त्री आले. त्यांनी चार फळ्या जोडून पाहिल्या आणि मान हलवली. "ताई, ह्या एकसारख्या न्हायत. लई कमीजास्त कापल्यात." सुनंदाने वखारीला फोन लावला. मुदत कालच संपली होती. फोन ठेवून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. सत्कारातल्या शालीखाली कधी न दिसलेले तिचे खांदे तेव्हा किती लहान दिसले!

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून. आजचा नाही, लहानपणापासूनचा."

मिस्त्री पाणी पिण्याच्या निमित्ताने खाली गेले. सुनंदा उठली आणि ओरडली, "एखाद्या पोरीचा पाय फाटला असता तर? तुझ्या हेव्यासाठी? लाज वाटत नाही तुला, अक्का?" शेजारच्या गच्चीवर वाळवण उलटणारी बाई थबकून बघत राहिली.

मिस्त्री वर आले तेव्हा त्यांनी उपाय सांगितला: "एकेक फळी मापून जाड, मध्यम, बारीक अशा थप्प्या लावू. जाडीला खालनं रंधा मारू, बारकीखाली कागद घालू. येळ लागंल, पर व्हतंय." मी पदर खोचून पहिली फळी उचलली. सुनंदाने दुसरे टोक धरले. चार दिवस आम्ही फळ्या मापत राहिलो. "ही जाड," "ती तिकडे" यापलीकडे ती माझ्याशी बोलली नाही. रंध्यातून सुटलेले भुग्याचे कण उन्हात तरंगत आमच्या दोघींच्या केसांवर सारखेच बसत.

चौथ्या दिवशी माझ्या हातून फळी निसटली आणि तिच्या अंगठ्यावर आदळली. "नीट धर ना, आंधळीयेस का?" ती खेकसली, आणि मला अकारण भरून आले.

इतकी वर्षे ती माझ्याशी फार जपून बोलत आली होती. नवा पुरस्कार सांगताना आवाज खाली आणायची, माझ्यासमोर पायांत घुंगरू बांधायचे टाळायची. त्या हळुवारपणात दया होती, आणि हेव्याला खतपाणी मिळत होते ते त्या दयेतून, हे मला उमगले नव्हते. आता ती दया संपली होती. हेवा संपला का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"धरलीय," मी म्हणाले, "तू तुझं टोक वर घे." तिने रागानेच ते वर घेतले.