तीन कावळ्यांची ढाल

हिनरिक वेसेलला रेवाल बंदरातली माणसं 'मढ्यांचा मेस्त्री' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे सर्रास. त्याचं सगळं काम मेलेल्यांचं. टेकडीवर सरदारांची घरं. त्यांतला कुणी गेला, की त्याच्या घराण्याची ढाल लाकडात कोरायची, रंगवायची, सोन्याचा वर्ख चढवायचा. ती शवपेटीपुढे मिरवत डोमच्या, म्हणजे टेकडीवरच्या मोठ्या, चर्चमध्ये जायची आणि तिथल्या भिंतीवर टांगली जायची. बंदरावरचे कोळी म्हणत, "हा बाबा तुमच्याकडे बघून हसला ना, की मृत्युपत्र करून ठेवा." हिनरिक सहसा हसत नसे, हे गावाचं नशीबच म्हणायचं.

त्याची बायको गेशे वर्ख लावायची. वर्ख लावताना श्वाससुद्धा सोडता येत नाही, शिंक तर लांबच. त्यामुळे त्या घरात बोलणं मुळातच कमी. जी काही बडबड होती ती यासपरची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. पोरगा बापापेक्षा सरस हाताचा निघाला होता. हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, फक्त बापानं कधी तोंडातून काढलं नाही.

"हा कावळा आहे की पोपट?" हिनरिक विचारायचा. यासपर कावळ्यांची चोच किंचित उघडी ठेवायचा.

"कावळाच आहे, बाबा. बोलतोय."

"ढालीवरचे कावळे बोलत नसतात."

"तुमचे नसतील बोलत."

हे कावळे क्रेयेनहोर्स्ट घराण्याचे. निळ्या ढालीवर तीन काळे कावळे, वर शिरस्त्राणावर चौथा. त्या घरचा एकटाच मुलगा ओटो लहानपणापासून टेकडी उतरून ह्यांच्या कारखान्यात पडून असायचा. दोघांचं इतकं गूळपीठ, की यासपरनं त्याला लाकडी घोडा करून दिला आणि घोड्याच्या पोटावर स्वतःची खूण कोरली: एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी गळासारखा आकडा. आपली प्रत्येक वस्तू यासपर अशीच खुणेनं बाटवायचा. त्याचा बाक तर त्या खुणांनी भरून गेला होता.

मग स्वीडनच्या राजाची रशियाशी लढाई लागली, आणि गाव स्वीडनच्याच अमलाखालचं. ओटो अधिकारी होऊन निघाला आणि यासपर त्याचा मोतद्दार म्हणून. निघताना यासपर दारात घुटमळला. बापानं काहीतरी बोलायला हवं होतं. हिनरिक म्हणाला, "मागच्या बाकावरचा कावळा अर्धा आहे. येऊन पुरा कर."

एवढंच बोलला. पुढं आयुष्यभर त्याला हे एवढंच आठवत राहिलं.

फौज दक्षिणेला लिव्होनियात गेली, मार खाऊन परत आली. ओटो आणि यासपर मेलेल्यांच्या यादीत नव्हते आणि जिवंतांच्याही नव्हते. कुणी म्हणालं दलदलीत गेले, कुणी म्हणालं शत्रूनं धरून नेले, कुणी हळूच म्हणालं की पळाले. पळालेल्यांना फाशी होती, म्हणून ते शेवटचं कुणी दुसऱ्यांदा बोललं नाही.

तेव्हापासून हिनरिकला आवाज यायला लागला. दिवसाढवळ्या, काम करता करता. यासपरची मोगरी मारण्याची एक लकब होती, दोनदा ठक ठक, मग थांबून एक. मागच्या बाकावरून तो आवाज यायचा. हिनरिक मागं वळायचा नाही. वळलं की थांबतो, हे त्याला दोनचारदा कळलं होतं.

"आला का ग आवाज?" एकदा त्यानं विचारलं.

गेशेनं वर्खाचं पान खाली ठेवलं. "मला नाही येत. मी पहिल्याच वर्षी रडून घेतलं. तुमचं राहिलंय."

दोन वर्षांनी ओटोचे वडील, म्हातारे सरदार गोटहार्ड, वारले. भाऊबंद कुणी उरले नव्हते. सरदारमंडळाचा कारभारी गळपट्टा सारखा करत कारखान्यात आला आणि म्हणाला, "मेस्त्री, क्रेयेनहोर्स्टांची ढाल हवी. तोडायची."

तोडायची ढाल म्हणजे काय, हे हिनरिकला सांगावं लागत नव्हतं. घराण्याचा शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल भिंतीवर लागत नाही. कारभारी ती शवपेटीवर उंच धरतो, तीनदा म्हणतो, 'आज क्रेयेनहोर्स्ट, पुन्हा कधीच नाही', आणि घण घालून तिचे दोन तुकडे करतो. तुकडे थडग्यात जातात. आता चर्चमध्ये सगळ्या गावासमोर ढाल दहा घावांनी तुटली तर शोभा व्हायची. म्हणून ढाल मऊ लिंडनच्या लाकडाची करायची आणि मेस्त्रीनं पाठीमागून पाऊण जाडीपर्यंत करवतून ठेवायची, की एका घावात काम होईल. वर काळा रंग फासला की कुणाला दिसत नाही. ही गोष्ट मेस्त्री जाणे आणि कारभारी जाणे.

"शेवटचा पुरुष?" हिनरिकनं विचारलं. "ओटोसाहेब?"

"मंडळानं ठरवलंय. दोन वर्षं झाली."

"आणि त्यांच्यासोबतचा माणूस?"

कारभाऱ्याला क्षणभर कळेना. मग आठवलं. "त्याचं मंडळाला काय ठरवायचं? त्याला कुठं ढाल आहे?"

बोलून गेला बिचारा. तोंडाला कुलूप नसलं की असं होतं.

हिनरिकनं ढाल कोरली. तीन कावळे मिटल्या चोचीचे. गेशेनं कडेला सोनं लावलं. राहिली पाठ. त्यानं करवत हातात घेतली, ढाल उपडी टाकली, आणि मागून आवाज आला, ठक ठक, ठक. ह्या ढालीसोबत ओटो मेला की यासपरही मेला. मग दोघांना शोधायला कोण जाणार, आणि कुणी तिकडून निरोप धाडायचा म्हटलं तर कुणाला धाडणार? त्यानं करवत ठेवली. यासपरच्या बाकाची टणक ओकची एक फळी उखडली, पट्टी कापली आणि ढालीच्या पाठीत खाच करून आडवी बसवली. वर सरस, चार लाकडी खुंट्या, काळा रंग. पट्टीवर यासपरची खूण होती. ती त्यानं मुद्दाम वरच्या बाजूला ठेवली. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चर्च खच्चून भरलं होतं. कारभाऱ्यानं तीनदा म्हटलं आणि घण घातला. ढाल नुसती दणाणली. दुसरा घाव. कडेचं सोनं उडालं, ढाल जशीच्या तशी. तिसऱ्या घावाला कारभाऱ्याच्या मनगटातून कळ गेली आणि त्याच्या हातून घण फरशीवर पडला. मागं उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "तुटेल कशी? घर अजून संपलं नाहीये."

पहिल्या रांगेत हेडविग बाईसाहेब होत्या, मेलेल्याची बायको, ओटोची आई. त्या उठल्या, पुढं झाल्या, ढाल स्वतःच्या हातांनी उचलली आणि घरी घेऊन गेल्या. कुणाची अडवायची छाती झाली नाही. कारभाऱ्यानं बाहेर आल्यावर हिनरिककडे असं पाहिलं, की गिळून टाकेल. पण बोलणार काय? ढाल आधीच करवतून ठेवतात, हे चारचौघांत कसं सांगणार?

त्या दिवशी हिनरिकला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. तो आनंद आठवडाभर टिकला.

मग कळलं की बाईसाहेबांनी ढाल जेवणघरात टांगली आहे आणि ओटोचं ताट रोज मांडलं जातं. लेक लग्न होऊन स्टॉकहोमला होती. ती बोलावून बोलावून थकली. बाईसाहेबांचं एकच: ओटो आला आणि घराला कुलूप दिसलं तर? टेकडीवरून सगळ्यांनी काढता पाय घेतला तरी त्या हलल्या नाहीत. आणि दर वर्षी सेंट मार्टिनच्या सणाला त्या हिनरिकला बोलवायच्या, उडालेलं सोनं नीट करायला. सोनं पहिल्याच वर्षी नीट झालं होतं.

तो जायचा. त्या समोर बसायच्या, त्याला बिअर आणि काळा पाव द्यायला लावायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

"मेस्त्री, सगळं ठीक?"

"ठीक, बाईसाहेब."

"काही सांगायचं आहे का?"

"नाही, बाईसाहेब."

त्याला वाटायचं, ह्यांना संशय आलाय, आता पकडला जाणार. पण त्या तेवढ्यावर मान हलवायच्या, जशी काही दोघांची मिळून काही समजूत झाली आहे, आणि त्यांचा चेहरा शांत व्हायचा. ती शांती बघून हिनरिकच्या जिवात जीव यायचा. पट्टी आपण बसवली हे त्याला पक्कं माहीत. तरी टेकडी उतरताना तो मनाशी म्हणायचा, आईला कळतं. एवढी खात्री उगीच नसते. घरी आला की आवाज जास्त स्पष्ट यायचा. अशी सात वर्षं गेली.

सातव्या उन्हाळ्यात रशियाची फौज शहराजवळ आली आणि तिच्याआधी प्लेगची साथ आली. खेड्यांतून माणसं मरत होती. बंदरात स्टॉकहोमचं एकच गलबत उरलं होतं, आणि बाईसाहेब त्यावर चढायला तयार नव्हत्या.

गेशे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "त्या तुमच्या पट्टीपायी मरणार आहेत."

"तुला माहीत आहे?"

"अहो, बाकाची फळी कुठं गेली हे मला दिसत नाही का? मी वर्ख लावते, आंधळी नाही." तिनं त्याची टोपी त्याच्या हातात दिली. "जा. लाज वाटली तर वाटू द्या."

हिनरिक टेकडी चढला. जेवणघरात ताटं मांडलेली होती. बाईसाहेबांच्या ताटाखेरीज रिकामी ताटं दोन होती, ओटोचं आणि त्याच्याशेजारी आणखी एक, हे त्याच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. सेंट मार्टिनला गर्दी असायची, ताटं बरीच असायची.

उभ्या उभ्याच तो म्हणाला, "बाईसाहेब, ढाल देवानं राखली नाही. मी राखली. मागं ओकची पट्टी बसवली. आपण जहाजावर जा. माझ्या पापापायी इथं मरू नका."

बाईसाहेबांनी मान वर करून भिंतीवरच्या ढालीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पट्टी मला पहिल्याच आठवड्यात दिसली, मेस्त्री. पुसायला खाली काढली तेव्हा. तिच्यावर यासपरची खूण आहे. ओटोच्या घोड्यावर आहे तीच."

"हो."

"मला वाटलं, तो निरोप आहे." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "वाटलं, यासपर जिवंत आहे, कुठंतरी लपलाय, तुम्हाला माहीत आहे. उघड विचारलं तर पोरांना फाशी व्हायची. म्हणून दर वर्षी तुम्हाला बोलावलं. म्हटलं, एक दिवस सांगतील. तुम्ही नाही म्हणायचात, आणि मी समजायची की अजून वेळ आली नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही माहीत होतं का?"

"नाही, बाईसाहेब. मी तर आपल्याकडे बघून समजायचो, की पोरं जिवंत आहेत."

सात वर्षं दोघंही एकाच रिकाम्या विहिरीत वाकून बघत होती, आणि समोरच्याला पाणी दिसतंय असं प्रत्येकाला वाटत होतं.

"करवत आणलीय?" बाईसाहेबांनी विचारलं.

त्यानं आणली नव्हती. लाकडं फोडणाऱ्या गड्याकडून आणवली. ढाल जेवणाच्या टेबलावर उपडी टाकून, ताटं बाजूला सारून, त्यानं खुंट्या काढल्या, पट्टी उचकटली आणि पाठ पाऊण जाडीपर्यंत करवतली. मग सुलटी केली. हातोडी बाईसाहेबांनी घेतली.

"आज क्रेयेनहोर्स्ट, पुन्हा कधीच नाही." तीनदा म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही पण म्हणा. तुमच्या मुलाचं."

"आम्हाला ढाल नसते, बाईसाहेब."

"ह्याच ढालीच्या पाठीवर त्याची खूण होती की सात वर्षं. म्हणा."

हिनरिकनं करवत खाली ठेवली. मग तो म्हणाला, "आज यासपर वेसेल, पुन्हा कधीच नाही." दुसऱ्यांदा म्हणताना तो रडायला लागला. तिसऱ्यांदा बाईसाहेबांनी त्याच्यासोबत म्हटलं. घाव एकच लागला.

गलबत संध्याकाळी सुटलं. ढालीचा एक तुकडा बाईसाहेबांनी सोबत नेला. ओकची पट्टी हिनरिकनं घरी आणली, मागच्या बाकाच्या मोकळ्या खाचेत परत बसवली आणि इतकी वर्षं तिथं पडलेला अर्धा कावळा आपल्या बाकावर आणला. तो त्यानं पुरा केला. चोच किंचित उघडी ठेवली.

गेशे दारात उभी होती. "झालं?"

"थांब जरा," तो म्हणाला, आणि मागं न वळता कान देऊन बसला. बराच वेळ बसला. गेशेनं दिवा लावला, जेवण वाढलं, दोनदा हाक मारली. आवाज काही आला नाही.